गल्फला निघालात? व्हिसा पेपरपासून फायनल एक्झिटपर्यंत काय काय तपासायचं

परवा शेजारच्या वाडीतला एक मुलगा संध्याकाळी घरी आला. मोबाइलवर व्हिसाचा फोटो होता. "काका, सौदीचा आलाय. स्टोअरकीपर. पंधराशे रियाल, राहणं-जेवण कंपनीचं. जरा बघता का?" मी फोटो मोठा करून अरबीतली ओळ सावकाश वाचली. पेशाच्या जागी लिहिलं होतं 'राई गनम'. म्हणजे मेंढपाळ. आईच्या पाटल्या गहाण ठेवून त्याने ऐंशी हजार आधीच दिले होते.

सौदी आणि अमिरात मिळून चौदा वर्षं मी कॅम्पवर टाइमकीपर होतो. हजेरी मांडता मांडता माणसांच्या कहाण्या कानावर यायच्या. अडकलेल्या माणसाची कहाणी मागे मागे नेली की ती वाळवंटात सुरू झालेली नसायची. ती मुंबईतल्या कुठल्या तरी दोन खोल्यांच्या ऑफिसात, नाहीतर गावातल्याच ओळखीच्या माणसाच्या ओटीवर सुरू झालेली असायची. म्हणून विमानात बसण्याआधीच्या गोष्टींवर मी जास्त लिहिलं आहे. तिथे पोचल्यावर करण्यासारखं बरंच असतं, पण हातात योग्य कागद असेल तरच.

एजंट नोंदणीकृत आहे का

१९८३ च्या उत्प्रवास कायद्यानुसार परदेशी नोकरीसाठी माणसं भरणाऱ्या एजंटाला परराष्ट्र मंत्रालयाचं नोंदणी प्रमाणपत्र लागतं. ते आहे की नाही हे घरबसल्या बघता येतं. ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर नोंदणीकृत एजंटांची यादी आहे, आणि बेकायदा एजंटांचीही आहे. दोन्ही बघा. नाव सापडलं म्हणून थांबू नका. परवान्याची मुदत चालू आहे का, तो निलंबित तर नाही ना, हे तिथेच कळतं. नंतर पत्ता आणि फोन नंबर जुळवा. खऱ्या एजन्सीचं नाव आणि परवाना क्रमांक छापून, खाली स्वतःचा मोबाइल नंबर टाकणारे खूप आहेत. त्यामुळे फोन करायचा तो संकेतस्थळावरच्या नंबरवर, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या नाही. "तुमच्याकडे अमुक कंपनीची अमुक पदाची भरती आहे का?" एवढंच विचारा. त्या दोन मिनिटांच्या फोनने आमच्या तालुक्यातल्या तिघांचे पैसे वाचले आहेत.

शंका राहिली तर प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा टोल फ्री क्रमांक १८०० ११ ३०९० आहे. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या विदेश भवनात 'प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स'चं, म्हणजे परदेशी नोकरीला जाणाऱ्यांच्या संरक्षणासाठी नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याचं, कार्यालय आहे. कागद घेऊन तिथे प्रत्यक्ष जाता येतं. रत्नागिरीहून एक दिवस मोडतो, गाडीभाडं जातं. जाऊ द्या.

आता पैशाचं. नोंदणीकृत एजंट सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५,४०० रुपये घेऊ शकतो. पावती देणं त्याला बंधनकारक आहे. प्रत्यक्षात लाख-दीड लाख मागतात हे सगळ्यांना माहीत आहे. "व्हिसाचे वेगळे, मेडिकलचे वेगळे, तिकडच्या साहेबाचे वेगळे" असा हिशेब सांगतात. त्यातला मोठा वाटा साखळीतल्या माणसांना जातो. भरतीचं कंत्राट मिळावं म्हणून तिकडच्या अधिकाऱ्याला इथून पैसे पोचवले जातात आणि ते शेवटी कामगाराच्या खिशातून काढले जातात. अमिरातीच्या कायद्यात भरतीचा खर्च कामगाराकडून वसूल करायला मनाई आहे, तरी इकडे तो वसूल होतोच.

पैसे रोख देऊ नका. बँकेतून द्या, एजन्सीच्या खात्यातच द्या, आणि पावती घ्या. "पावती दिली तर काम होणार नाही" म्हणणाऱ्याकडून उठून यावं.

सर्वांत अवघड जागा गावच्या मध्यस्थाची. तो परका नसतो. कुणाचा मेहुणा असतो, कुणाच्या मशिदीतला, कुणाच्या मंडळातला. त्याने आधी चार मुलं खरोखर पाठवलेलीही असतात. कायद्यात मात्र सब-एजंट नावाचा माणूसच नाही. परवाना मुंबईच्या एजंटाचा, पैसे घेतले गावच्या माणसाने, आणि पुढे दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतात. त्याच्याशी भांडायची गरज नाही. "भाऊ, तुमच्यावर विश्वास आहे, पण पैसे मी ऑफिसच्या खात्यात भरीन आणि तुमचं जे असेल ते माझा पहिला पगार झाल्यावर देईन" एवढं नम्रपणे म्हणा. तो काय उत्तर देतो त्यावरून पुष्कळ कळतं.

व्हिसा स्वतः वाचा

व्हिसावर तीन गोष्टी शोधायच्या: कोणाच्या नावावर, कोणत्या कामासाठी, कोणत्या प्रकारचा. अरबी येत नसेल तर मोबाइलमधलं भाषांतराचं अ‍ॅप चालेल, किंवा गावात कुणी तिकडून आलेला असतोच.

सौदीच्या व्हिसावरचा पेशा महत्त्वाचा का, तर २०२१ च्या मार्चपासून तिथे मालकाच्या परवानगीशिवाय नोकरी बदलण्याची आणि देशाबाहेर जाण्याची काही मुभा मिळाली, पण घरकामगार, खासगी ड्रायव्हर, मेंढपाळ, माळी, शेतमजूर यांना त्यातून वगळलं होतं. म्हणजे 'सायक खास' या पेशावर कंपनीचा ट्रक चालवायला गेलेला माणूस कागदावर एखाद्या घरचा ड्रायव्हर असतो, आणि कंपनीच्या कामगाराचे हक्क त्याला लागूच होत नाहीत. वर तपासणीत सापडला तर दुसरीकडे काम केल्याचा गुन्हा त्याच्याच डोक्यावर.

कुवेतमध्ये हेच आकड्यांत असतं. कलम १८ म्हणजे खासगी कंपनीचा व्हिसा, कलम २० म्हणजे घरकामाचा, ज्याला आपली माणसं खादिम व्हिसा म्हणतात. हॉटेलात काम सांगितलं आणि व्हिसा २० नंबरचा असेल तर तिथेच थांबा. अमिरातीत नोकरीआधी तिथल्या श्रम मंत्रालयाच्या नमुन्यातलं ऑफर लेटर येतं आणि त्यावर तुमची सही लागते. त्यावरचा क्रमांक मंत्रालयाच्या संकेतस्थळावर तपासता येतो. एजंट ते दाखवत नसेल, फक्त पर्यटन किंवा व्हिजिट व्हिसा हातात देत असेल आणि "गेल्यावर बदलून देतो" म्हणत असेल, तर तो तुम्हाला नोकरी देत नसून नोकरी शोधायला सोडत आहे. व्हिजिट व्हिसावर काम करणं तिथे गुन्हा आहे. २०२४ पासून अशा मालकाला एक लाख ते दहा लाख दिरहम दंड आहे, त्यामुळे तपासणी आली की मालक पहिल्यांदा तुम्हालाच मागच्या दाराने बाहेर काढतो.

आझाद व्हिसाबद्दल जरा थांबून सांगतो, कारण आपल्याकडे तो अजूनही मानाने सांगतात. "कुठेही काम कर, कुणाचा हुकूम नाही." 'आझाद व्हिसा' नावाचा प्रकार गल्फच्या कायद्यात नाही. होतं असं, की एखादा कफील, म्हणजे ज्याच्या नावावर व्हिसा निघतो तो तिथला मालक, स्वतःच्या नावावर गरजेपेक्षा जास्त व्हिसा काढतो आणि विकतो. त्याच्याकडे काम नसतंच. तुम्ही तिथे जाऊन काम शोधायचं आणि अकाम्याच्या, म्हणजे तिथे राहण्याच्या परवान्याच्या, नूतनीकरणाच्या वेळी त्याला दरवर्षी ठरलेले पैसे द्यायचे. पैसे वाढवून मागितले आणि तुम्ही नाही म्हणालात की तो 'हुरूब' लावतो, म्हणजे कामगार पळून गेल्याची नोंद करतो. त्या दिवसापासून बँक, दवाखाना, रस्त्यावरची पोलीस चौकी, सगळं बंद. नऊ वर्षं घरी न आलेला एक प्लंबर माझ्या ओळखीचा होता. त्याने कुणाचं काही चोरलं नव्हतं. कफीलला द्यायचे चार हजार रियाल त्याच्याकडे एका वर्षी नव्हते, एवढंच.

ईसीआर पासपोर्ट आणि विमानतळावरची 'सेटिंग'

दहावी पास नसलेल्याच्या पासपोर्टवर ईसीआर, म्हणजे 'एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड', अशी नोंद असते. अशा माणसाला गल्फच्या सहाही देशांसह मलेशिया, जॉर्डन, इराक, लेबनॉन वगैरे एकूण १८ देशांत नोकरीला जाताना प्रोटेक्टरची मंजुरी लागते. ही मंजुरी म्हणजे कटकट नाही. तीत मालकाचं नाव, पगार आणि करार सरकारी नोंदीत जातो. पुढे दूतावासात उभं राहायची वेळ आली तर तीच नोंद तुमची साक्ष असते.

एजंट ती टाळतो. ईसीआरवाल्याला व्हिजिट व्हिसावर आधी दुबईला किंवा दुसऱ्याच एखाद्या देशात पाठवतो आणि तिथून पुढे नेतो. किंवा "एअरपोर्टवर सेटिंग आहे, अमुक नंबरच्या काउंटरलाच उभा राहा" असं सांगतो. धंद्यात याला पुशिंग म्हणतात. पैसे घेऊन शिक्का मारणारा माणूस पकडला गेला तर सुटायला त्याच्याकडे पळवाटा असतात. तुम्ही मात्र खोटं कारण सांगून देश सोडणारे ठरता. इमिग्रेशनच्या अधिकाऱ्याने विचारलं "कशाला चाललात?" तर खरं उत्तर देता यावं असेच कागद हवेत.

बायकांच्या बाबतीत हे आणखी कडक आहे आणि फसवणूकही तितकीच वाईट आहे. ईसीआर पासपोर्टवर ३० वर्षांखालच्या स्त्रीला या देशांत नोकरीची मंजुरी मिळतच नाही, आणि वरच्या वयाच्या स्त्रियांची भरतीही ठरावीक सरकारी संस्थांमार्फतच व्हायची असते. म्हणून त्यांना व्हिजिट व्हिसावर नेतात, पोचल्यावर फोन काढून घेतात आणि एका घरातून दुसऱ्या घरात 'बदली' करतात. प्रत्येक बदलीला एजंट पैसे घेतो. घरकामाला जाणाऱ्या बहिणीला, वहिनीला "बघू पोचल्यावर" म्हणून कुणी पाठवू नये. मंजुरीशिवाय पाठवूच नये.

करारात बेसिक किती आहे ते बघा

मुलाखतीत एक आकडा सांगतात आणि विमानतळावर निघताना लखोट्यात दुसराच करार देतात. यावर उपाय एकच: प्रोटेक्टरकडे नोंदवलेल्या कराराची प्रत निघण्याच्या आदल्या आठवड्यात मागा. तिकडे गेल्यावर कमी पगाराच्या नव्या कागदावर सही मागितली तर जुनी प्रत हातात असलेला माणूस बोलू शकतो. नसलेला सही करतो.

"बाराशे दिरहम" ऐकून खूश होऊ नका. त्यात बेसिक किती आणि भत्ते किती? अमिरातीत नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी बेसिकवर निघते: पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षामागे २१ दिवसांचा बेसिक पगार, पुढच्या प्रत्येक वर्षासाठी ३० दिवसांचा. बेसिक ६०० आणि भत्ते ६०० असतील तर पाच वर्षांनी हातात निम्मीच रक्कम येते. ओव्हरटाइमही त्याच आकड्यावर. यात बेकायदा काही नाही, पण न विचारता गेलेला माणूस वर्षानुवर्षं हिशेब चुकल्यासारखा बसून राहतो.

प्रवासी भारतीय विमा योजना ईसीआर कामगाराला सक्तीची आहे. दोन वर्षांना २७५ रुपये, तीन वर्षांना ३७५ रुपये आणि त्यावर कर. अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर १० लाख, नोकरीच्या कोर्टकज्ज्यासाठी ४५ हजारांपर्यंत, आणि मालक बदलला तरी विमा चालू राहतो. पॉलिसीचा कागद मात्र बहुतेक वेळा एजंटाच्या खणात पडून असतो आणि घरच्यांना त्याचं नावही माहीत नसतं. तो मागून घ्या.

बॅगेत दुसऱ्याचं काही नाही

२०१९ मध्ये मुंबईचं एक जोडपं दोहा विमानतळावर पकडलं गेलं. नात्यातल्या बाईनेच त्यांना फिरायला म्हणून पाठवलं होतं आणि सोबत एक पाकीट दिलं होतं. त्यात चरस निघालं. १० वर्षांची शिक्षा झाली. मुंबईत खऱ्या टोळीचा तपास लागला, फेरसुनावणी झाली आणि २०२१ मध्ये ते निर्दोष सुटून परतले. ते निर्दोष होते, तरी जवळजवळ दोन वर्षं गेली. त्यांची मुलगीही तिथे तुरुंगातच जन्मली.

म्हणून निघताना शेजारच्याने "माझ्या भावाला एवढं लोणचं दे" म्हटलं तर बरणी तुमच्या समोर उघडून, दुसऱ्या डब्यात काढून भरा. राग आला तर येऊ द्या. एजंटाने ऐनवेळी दिलेलं पार्सल तर हातातही घेऊ नका. खसखस अमिरातीत बंदी असलेल्या वस्तूंत आहे. आई मसाल्याच्या डब्यात घालते तीच. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, ट्रॅमाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्या, झोपेच्या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय आणि त्या देशाच्या परवानगीशिवाय नेऊ नका.

घरी एक फाइल ठेवून जा

पासपोर्टची पहिली आणि शेवटची पानं, व्हिसा, करार, विमा, एजंटाला दिलेल्या पैशांच्या पावत्या, एजंटाच्या ऑफिसचा फोटो, त्याच्याशी झालेलं व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं, आणि तिकडच्या कंपनीचा पत्ता. हे सगळं घरी कागदावर आणि भावाच्या मोबाइलमध्ये, दोन्हीकडे ठेवा. स्वतःच्या ईमेलवरही पाठवून ठेवा, कारण मोबाइल जातो. अडकलेल्या माणसाच्या बायकोला किंवा वडिलांना मी विचारतो, "कंपनीचं नाव काय?" आणि उत्तर येतं, "दम्मामला आहे." दम्माम शहर आहे. एवढ्यावर दूतावास कुणाला शोधणार?

घरच्यांशी एक खुणेचा शब्द ठरवा. फोनवर शेजारी कुणी उभं असेल आणि बोलता येत नसेल तर तो शब्द बोलायचा. आमच्याकडे एकाने "काळ्या गाईला चारा घाला" असं ठरवलं होतं. त्यांच्याकडे गाय नव्हती.

पोचल्यावर पहिले तीन महिने

पासपोर्ट भारत सरकारच्या मालकीचा असतो, पासपोर्ट कायद्यात तसं स्पष्ट लिहिलं आहे. तो कामगाराकडून काढून ठेवायला गल्फमध्येही मनाई आहे. तरी ठेवतात. आमच्या एका कॅम्पवर लोखंडी कपाटात दहा-दहा पासपोर्टचे गठ्ठे रबर लावून ठेवलेले असत, वर कागदाच्या चिठ्ठ्या, किल्ली मुदीरकडे, म्हणजे मॅनेजरकडे. एका वेल्डरची आई वारली तेव्हा मुदीर सुट्टीवर गेला होता. कपाट सहा दिवसांनी उघडलं. वेल्डर दहाव्यालाही पोचू शकला नाही.

व्हिसा शिक्क्यासाठी किंवा अकाम्यासाठी पासपोर्ट द्यावा लागतोच. देताना कुणाकडे, कोणत्या तारखेला दिला ते त्याच दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवा: "साहेब, आज माझा पासपोर्ट अकाम्यासाठी दिला आहे." भांडण नाही, पण नोंद झाली. अकामा, अमिराती ओळखपत्र किंवा पताका (कुवेतच्या ओळखपत्राला, अरबी 'बताका'ला, आपली माणसं असं म्हणतात) मात्र सतत खिशात हवी.

सौदीत अब्शर नावाच्या सरकारी अ‍ॅपवर खातं काढताना ऑफिसबॉयचा मोबाइल नंबर टाकू देऊ नका. स्वतःचाच टाका. हुरूब लागला आहे का, अकाम्याची मुदत कधी संपते, हे त्यावर स्वतःला दिसतं. आठवड्यातून एकदा उघडून बघायची सवय लावा.

आता तीन गोष्टी, ज्यांच्यामुळे चांगली चांगली माणसं तुरुंगात गेलेली मी पाहिली. आपल्या नावावर सिम काढून दुसऱ्याला देणं. आपलं बँक खातं "दोन दिवसांसाठी" वापरू देणं. आणि न समजणाऱ्या अरबी कागदावर सही करणं. लुबाडणुकीचे फोन ज्या सिमवरून गेले त्याचा मालक पोलीस शोधतात, बोलणारा नाही. खात्यात आलेले पैसे कुणाचे, हे खातेदाराने सांगायचं असतं. आणि अरबी कागदावर बऱ्याचदा लिहिलेलं असतं की माझे सगळे पैसे मला मिळाले. वाचता येत नसेल तर "फोटो काढतो, उद्या सही करतो" म्हणा, आणि आधी मित्राला दाखवा.

पगार बँकेतून देण्याची पद्धत अमिरातीत २००९ पासून आहे, सौदी-कतारमध्येही आहे. त्यातूनही पळवाट काढतात. सगळ्यांची एटीएम कार्डं फोरमन स्वतःकडे ठेवतो, करारातला पूर्ण पगार खात्यात येतो आणि त्यातले तीनशे-चारशे काढून उरलेले हातात देतो. सरकारी संगणकावर सगळं नीट. कार्ड कुणालाही द्यायचं नाही, पिन तर नाहीच.

खोली, रस्ता, ऊन

१२ जून २०२४ ला पहाटे कुवेतच्या मंगाफ भागात कामगारांच्या इमारतीला आग लागली. चाळीसहून जास्त भारतीय गेले. बहुतेक जण झोपेत, धुराने. खोल्यांमध्ये जळाऊ पदार्थाच्या भिंती घातल्या होत्या आणि गच्चीचं दार बंद होतं. नव्या खोलीत गेलात की पहिल्या रात्री जिना उतरून बघा, गच्चीवर चढून दार उघडतं का बघा. गॅस सिलिंडर खोलीत झोपण्याच्या जागी नको, एका प्लगवर पाच जणांच्या शेगड्या नकोत. बेडस्पेस भाड्याने घेताना पैसे घेणाऱ्याच्या नावावर खरंच घर आहे का ते विचारा.

उन्हाळ्यात भर दुपारी उघड्यावर काम करून घेणं बेकायदा आहे. अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी १२.३० ते ३, सौदीत त्याच काळात १२ ते ३, कतारमध्ये १ जूनपासून सकाळी १० ते ३.३०, कुवेतमध्ये जून ते ऑगस्ट ११ ते ४. लघवी गडद झाली, घाम थांबला, डोकं जड झालं की फोरमनच्या शिव्या ऐकून सावलीत बसा.

रस्त्यावर साध्या कपड्यातला माणूस "पोलीस" म्हणून पाकीट मागतो तेव्हा आधी त्याचं ओळखपत्र मागा. ओळखपत्र दाखवायचं ते हातात धरून, पाकीट द्यायचं नाही. बँकेचं नाव सांगून ओटीपी मागणारा फोन बंद करा. हातभट्टीची दारू कुवेत-सौदीत गुन्हा आहे आणि जीवघेणीही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये कुवेतमध्ये विषारी दारूने वीसहून जास्त परदेशी कामगार गेले. अमिरातीत व्हॉट्सअ‍ॅपवर दिलेली शिवीसुद्धा खटल्याला पुरते. रागाच्या भरात मालकाला मेसेज टाइप करू नका.

पगार थांबला तर

पळून जाऊ नका. हे मी हजार वेळा सांगितलं असेल. पगार मिळत नाही म्हणून कॅम्प सोडला की तुम्ही फिर्यादीचे आरोपी होता, हुरूब लागतो आणि थकलेल्या पगाराचं बोलणंच संपतं. संपही नको. गल्फमध्ये रस्त्यावर जमून घोषणा दिल्या तर आधी पाठवणी होते.

पहिल्या महिन्यापासूनच रोजची हजेरी आणि ओव्हरटाइम स्वतःच्या वहीत लिहा, तारीख घालून. टाइमशीटचा फोटो घ्या. पगार थकला की कंपनीला लेखी विचारा. उत्तर नाही आलं तर तिथल्या श्रम खात्याकडे तक्रार करा. ती फुकट असते, आपल्या भाषेत नाही तरी हिंदी-उर्दूत बोलणारं कुणीतरी मिळतं. सौदीत मनुष्यबळ मंत्रालयाचा क्रमांक १९९११, अमिरातीत श्रम मंत्रालयाचा ६००५९००००. तक्रारीचा क्रमांक घ्या आणि घरी कळवा.

त्याच आठवड्यात घरच्यांनी 'मदद' या परराष्ट्र मंत्रालयाच्या पोर्टलवर तक्रार नोंदवावी. तुम्ही तिकडून, ते इकडून. दूतावासाकडे भारतीय समुदाय कल्याण निधी आहे, त्यातून अडचणीतल्या माणसाला निवारा, तिकीट, वकिलाचा खर्च मिळू शकतो. पासपोर्ट मालकाकडेच राहिला तर दूतावासाच्या आउटपासवर, म्हणजे पासपोर्टऐवजीच्या तात्पुरत्या प्रवासपत्रावर, परत येता येतं, पण त्याआधी तिथली केस आणि दंड मिटावा लागतो, त्याला वेळ लागतो. दूतावासात गेल्यावर "साहेब, काहीतरी करा" म्हणू नका. करार, अकामा, तक्रार क्रमांक, किती महिन्यांचे किती पैसे, हे एका कागदावर लिहून द्या. बाहेर फिरणारे "मी करून देतो" म्हणणारे आपलेच हिंदी-मराठी बोलणारे दलाल असतात. आउटपासच्या नावाखाली त्यांना एक रुपया देऊ नका.

बँकॉकची 'डेटा एंट्री'

आता शिकलेल्या मुलांना दुसरीकडे नेतात. टायपिंगची परीक्षा, इंग्रजीत दोन ओळी, डॉलरमध्ये पगार, तिकीट बँकॉकचं. तिथून गाडीने थायलंडच्या सीमेवरचं मे सोत, मग मोई नदी ओलांडून म्यानमारचं म्यावड्डी. एकदा नदी ओलांडली की काम म्हणजे परक्यांना फोनवर फसवायचं, टार्गेट चुकलं की मार. २०२५ च्या मार्चमध्ये हवाई दलाच्या विमानांतून ५४९ भारतीयांना परत आणलं. नोकरी थायलंडची आणि व्हिसा पर्यटनाचा, हे एकच कारण घरातून न निघायला पुरेसं आहे. कंबोडिया आणि लाओसच्या अशा नोकऱ्यांनाही हेच लागू.

फसलात तर इथे तक्रार

लाज वाटते म्हणून बहुतेक जण गप्प बसतात आणि तोच एजंट पुढच्या वर्षी दुसऱ्या तालुक्यात जातो. पोलीस ठाण्यात फसवणुकीचा गुन्हा नोंदवायला सांगा आणि उत्प्रवास कायद्याचं कलम २४ लावायला सांगा. त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आहे. दंड मात्र फक्त २,००० रुपयांपर्यंत. लाखो रुपये बुडवणाऱ्याला दोन हजार, हे आपल्या कायद्याचं लाजिरवाणं दुबळेपण आहे. म्हणूनच फसवणुकीचं कलमही सोबत हवं. या कायद्याखालच्या खटल्याला एरवी केंद्र सरकारची आधी मंजुरी लागते, पण तक्रार फसलेल्या कामगाराने स्वतः किंवा त्याच्या आईवडील, नवराबायको, भावंडांपैकी कुणी केली तर ती अट नसते. त्यामुळे गावच्या पुढाऱ्याच्या नावाने अर्ज देण्यापेक्षा स्वतःच्या नावाने द्या. तीच तक्रार ई-मायग्रेटवर आणि विदेश भवनातही द्या, पोच घ्या.

मेंढपाळाच्या व्हिसावाला तो मुलगा गेला नाही. पैसे त्याने बँकेतून दिले होते, त्यामुळे पुरावा होता. वडिलांना घेऊन पोलीस ठाण्यात गेला तेव्हा कुठे एजंटाचा फोन आला. आतापर्यंत पंचावन्न हजार परत मिळाले आहेत, पाटल्या अजून सोडवायच्या आहेत.

परत येताना

फायनल एक्झिट, म्हणजे नोकरी संपवून कायमचं परतण्याची नोंद, लागायच्या आधी हिशेबाचे पैसे खात्यात जमा झालेत हे स्वतः बघा, मगच "सर्व मिळालं" या कागदावर सही करा. "विमानतळावर देतो" हे खरं ठरलेलं मी फार थोड्या वेळा पाहिलं आहे. ग्रॅच्युइटी, थकलेली रजा, तिकीट, तीन वेगळ्या ओळी मागा. बँकेचं कर्ज, क्रेडिट कार्ड, वाहतुकीचा दंड, मोबाइलचं बिल यातलं काही राहिलं असेल तर इमिग्रेशनच्या काउंटरवरून माघारी फिरवतात. खातं बंद केल्याचं बँकेचं पत्र घ्या. नोकरीचा दाखला घ्या, पुढच्या वेळी तोच पगार वाढवून देतो. आणि आपल्या नावावरची सगळी सिम बंद करून त्याची पावती पासपोर्टच्या पाकिटात ठेवा.